'येणार नाही' आणि 'येईना'

सकाळी अंगात ताप आहे, कचेरीत जाणे शक्य नाही. साहेबांना इंग्रजीत निरोप पाठवायचा आहे. मनात वाक्य तयार असते, 'मी आज येणार नाही'. बोटे टाइप करतात, 'आय विल नॉट कम टुडे.' व्याकरणाच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. तरीही इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला या निरोपात ताप जाणवत नाही, हट्ट जाणवतो. 'मी येत नाही जा' असे काहीतरी त्याच्या कानावर पडते. पाठवणाऱ्याला म्हणायचे होते ते 'आय वोन्ट बी एबल टू कम इन टुडे', म्हणजे आज येणे जमणार नाही.

एवढा फरक कुठून आला? मराठी क्रियापदाला भविष्यकाळाचे स्वतःचे प्रत्यय आहेत. जाईन, जाशील, जाईल. इंग्रजी क्रियापदाला असा एकही प्रत्यय नाही. पुढचे सांगण्यासाठी त्या भाषेने आपलीच दोन जुनी क्रियापदे कामाला लावली. 'विल'चा मूळ अर्थ इच्छा असणे, आणि 'शॅल'चा देणे लागणे, बांधील असणे. इच्छापत्राला इंग्रजीत 'विल' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. होकारार्थी वाक्यात हा जुना अर्थ बहुधा झोपलेला असतो. नकार आला की तो जागा होतो. इच्छेला 'नाही' जोडले की नकाराचा रंग येणारच.

त्याचा उत्तम नमुना म्हणजे 'द डोअर वोन्ट ओपन'. याचे भाषांतर 'दार उघडणार नाही' असे केले तर वाक्य फसते, कारण इथे उद्याची गोष्टच नाही. माणूस आत्ता दार ढकलतो आहे आणि दार ऐकत नाही. मराठीत याला नेमके रूप आहे, 'दार उघडेना'. गाडी सुरू होईना, पोर जेवेना, डोळा लागेना. दाराला किंवा गाडीला मन नसते, तरी दोन्ही भाषा त्यांना हट्टी माणसासारखे वागवतात. 'येईना', 'होईना' आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या मराठी माणसाला 'वोन्ट'चा हा अर्थ नव्याने शिकावा लागत नाही, फक्त ओळखावा लागतो. शाळेत मात्र ही ओळख क्वचितच करून दिली जाते, ही खरोखर वाईट गोष्ट आहे.

'विल नॉट'चे 'विन्ट' न होता 'वोन्ट' का झाले, हा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'विल'च्या जोडीला 'वोल' असेही रूप चालत असे. 'वोल नॉट' जिभेवर घासत घासत 'वोन्ट' झाले. मूळचे 'वोल' गेले, त्याचा ओकार नकारात तेवढा उरला.

'शॅल' आणि 'विल' यांची वाटणी 1653 साली जॉन वॉलिस यांनी नियमात बसवली. हे गृहस्थ ऑक्सफर्डचे गणिती, अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह रूढ करणारे, आणि इंग्रजीचे त्यांचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलेले. 'मी', 'आम्ही' यांच्याबरोबर साध्या भविष्यासाठी 'शॅल', निश्चय वा धमकीसाठी 'विल', आणि इतरांबरोबर याच्या उलट. बोलण्यात आता हा नियम फारसा उरलेला नाही. 'शॅन्ट' तर अमेरिकेत जवळजवळ ऐकूच येत नाही. कायद्याने मात्र 'शॅल नॉट' जपून ठेवले आहे. भारतीय संविधानाच्या 14व्या अनुच्छेदात राज्यसंस्थेला समानता नाकारता येणार नाही, हे सांगायला तेच शब्द आले आहेत. तिथे अंदाज नाही, बंधन आहे.

मराठी माणसाची खरी अडचण आणखी एका ठिकाणी आहे. होकारात मराठीकडे दोन रूपे आहेत, 'जाईन' आणि 'जाणार आहे'. नकारात 'जाईन नाही' असे होत नाही, दोन्हींसाठी एकच 'जाणार नाही'. इंग्रजीत तिथे तीन वाटा फुटतात. 'आय वोन्ट गो' यात बऱ्याचदा त्या क्षणाचा निर्णय किंवा नकार असतो. 'आय अॅम नॉट गोइंग टू गो' म्हणजे आधीच ठरवले आहे. 'आय अॅम नॉट गोइंग टुमॉरो' म्हणजे बेतच तसा आहे, तिकीट काढलेलेच नाही. आभाळ निरभ्र पाहून इंग्रज म्हणेल, 'इट इजन्ट गोइंग टू रेन', कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे.

क्रियाविशेषणांची जागा ही वेगळीच कसरत. 'तो बहुधा येईल' याला 'ही विल प्रॉबेब्ली कम', पण 'बहुधा येणार नाही' म्हटले की 'प्रॉबेब्ली' उडी मारून पुढे येते, 'ही प्रॉबेब्ली वोन्ट कम'. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली नकारावर एक पुस्तक लिहिले. नकाराचा शब्द शक्य तितका लवकर आणण्याकडे भाषांचा कल असतो, हे निरीक्षण त्यांचे. मराठी 'नाही' मात्र वाक्याच्या टोकाला राखून ठेवते, आणि ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो. 'कोणीही येणार नाही' हा क्रम तसाच उचलला की 'एनीबडी विल नॉट कम' तयार होते. इंग्रजीला नकार पहिल्याच शब्दात हवा असतो, 'नोबडी विल कम'. 'कधीही जाणार नाही' मधले 'कधीही' एकट्याने नकार देत नाही. 'नेव्हर' देतो. त्यामुळे 'आय विल नेव्हर गो' एवढेच पुरते, आणि त्यात 'नॉट' घातले की अर्थ उलटतो. 'हार्डली'चेही तसेच, त्याच्या पोटात नकार आधीच आहे.

काही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच चालीने चालतात. 'तो येईलसे वाटत नाही' आणि 'आय डोन्ट थिंक ही विल कम' यांत नकार येण्याला नाही, वाटण्याला लागला आहे. असे बोलणे दोन्हीकडे अधिक मऊ लागते. आशेच्या बाबतीत तसे करता येत नाही. 'पाऊस पडणार नाही अशी आशा आहे' हे इंग्रजीत 'आय होप इट वोन्ट रेन' असेच राहते.

सर्वांत चिवट चूक 'अन्टिल'ची. 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही' या वाक्यात मराठी दोनदा नकार देते. म्हणून भले भले शिकलेले लोकही 'अन्टिल ही डझन्ट कम' म्हणून जातात. 'अन्टिल'मध्ये ते पहिले 'नाही' सामावलेले आहे, 'आय वोन्ट गो अन्टिल ही कम्स'. मराठीतल्याच 'तो येईपर्यंत मी जाणार नाही' या दुसऱ्या रूपावरून निघाले, तर 'नाही' एकदाच येते आणि इंग्रजी वाक्य आपोआप सरळ उतरते.