किमान शिक्षा आणि जिल्ह्याचा सरकारी वकील

नांदेड व लातूर येथील सत्र न्यायालयांत आणि बिलोली, उदगीर, निलंगा यांसारख्या ठिकाणच्या अतिरिक्त सत्र न्यायालयांत राज्याची बाजू सरकारी वकील मांडतात, तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील खटले सहायक सरकारी अभियोक्ते चालवतात. तपास आणि दोषारोपपत्र हे पोलिसांचे काम असल्याने सरकारी वकिलाची कसोटी साक्षीपुराव्यात लागते, आणि कायद्याने किमान शिक्षा ठरवलेल्या खटल्यांत ही कसोटी अधिकच कठोर होते.

किमान शिक्षा म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायाधीशाला जिच्याखाली जाता येत नाही अशी कायद्यानेच आखलेली मर्यादा. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून प्रवेशित लैंगिक अत्याचारासाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे, आणि पीडित बालक सोळा वर्षांखालील असल्यास ती वीस वर्षांवर जाते. त्यामुळे शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचे जन्म प्रमाणपत्र हाच खटल्याचा कणा ठरतो. केवळ शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वय सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

अमली पदार्थांच्या कायद्यात हेच स्थान वजनाला आहे. वीस किलोंहून अधिक गांजा सापडल्यास किमान दहा वर्षे कैद आणि एक लाख रुपये दंड होतो, मात्र एकोणीस किलोंसाठी कोणतीही किमान शिक्षा नाही; शिवाय कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे असल्याने, पाने व बिया वेगळ्या न काढता केलेल्या वजनावर बचाव पक्ष हमखास बोट ठेवतो.

किमान शिक्षेच्या खटल्यातही अमेरिकेतील सरकारी वकील आरोपीशी तडजोड करून सौम्य कलम लावू शकतो. भारतात २००६ पासून लागू झालेली गुन्हाकबुलीची तडजोड मात्र सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना आणि स्त्रिया व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांना खुली नाही.

१९८३ साली मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतील अनिवार्य फाशीचे कलम ३०३ रद्द केले आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या कायद्यातील फाशी ऐच्छिक ठरवली, तरी किमान कारावासाच्या तरतुदी टिकून आहेत. शिक्षेची तीव्रता कमी करण्याचा मार्ग न्यायाधीशापुढे उरत नाही, तेव्हा वय किंवा वजन यांच्या पुराव्यातील एका त्रुटीनेही शिक्षा कित्येक वर्षांनी बदलू शकते. म्हणूनच अशा खटल्याचा निकाल शिक्षेवरील युक्तिवादापेक्षा पंचनामा आणि दाखले यांच्या काटेकोरपणावर अधिक अवलंबून असतो.