रेडिओ खरा निघाला!

वडिलांनी 1962 साली हौसेने घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओ 2016 सालच्या दिवाळीत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढायचा, तो थोडक्यात वाचला. आणि गंमत अशी, की दोष त्याचा नव्हताच!

घर आवरताना मी तो माळ्यावरून काढला. आवाज आला, पण तबकडीवर काटा एकीकडे आणि मुंबई केंद्र बोटभर दुसरीकडे! रेडिओदुरुस्तीचा मला नाद. जुन्या बाजारातला सिग्नल जनरेटर मी पुढे ओढला. हे यंत्र म्हणजे टेबलावरचे चिमुकले रेडिओ केंद्रच म्हणा ना! त्यावर आकडा लावायचा, तेवढ्या कंपनांची लहर ते सोडते. मग रेडिओचा काटा त्याच आकड्यावर ठेवून, लहर नेमकी तिथे ऐकू येईपर्यंत आतले ट्रिमर फिरवायचे. 600 किलोहर्ट्झवर जुळवले, 1400 वर जुळवले. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो केंद्र काट्याच्या उजवीकडे. पुन्हा जुळवले, तर डावीकडे!

“आई, हा आता कामातून गेला.”

“सेट कुठेही जायचा नाही,” आई म्हणाली. “ह्यांनी रोज बातम्या ऐकल्यात त्याच्यावर.”

शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिककाकांना बोलावून आणले. त्यांनी रेडिओकडे पाहिलेसुद्धा नाही. जनरेटरवर हात ठेवून म्हणाले, “अरे, हा तापलाय बघ. काटाच खोटा, तर सोन्याला कशाला बोल लावतोस?”

खरेच होते. माझ्या जनरेटरची लहर तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर यांच्या जोडीवर ठरत असे. यंत्र तापले, की दोघांची मापे किंचित बदलत आणि लहर जागा सोडी. सुरुवातीचे 600 आणि अर्ध्या तासानंतरचे 600 एक नव्हतेच!

काकांनी खिशातून 100 किलोहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक काढला. क्वार्ट्झ दाबला, की त्यावर विद्युतभार उमटतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 साली दाखवले. उलट, वीज दिली की तो कंप पावतो, आणि उष्णतेने सहसा ढळत नाही. 1921 साली वॉल्टर कॅडी यांनी त्याच्या जोरावर स्थिर लहरी निर्माण केल्या. आपल्या मनगटी घड्याळातला क्वार्ट्झही असाच सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो.

काकांच्या स्फटिकाच्या पटीतल्या लहरी 600 वरही येत, 1400 वरही. पण या साक्षीदाराची साक्ष कोण काढणार? रात्री काकांनी रेडिओ शॉर्टवेव्हवर 10 मेगाहर्ट्झला लावला. तिथे चीनमधील बीपीएम केंद्र प्रमाणवेळेचे ठोके देते. स्फटिकाची शंभरावी पट नेमकी तिथेच! दोन्ही लहरी भिडताच शिट्टी उमटली. काका ट्रिमर हळूहळू फिरवू लागले. शिट्टी खाली उतरली, गुरगुरली, मग नुसतीच मंद हेलकावे घेऊ लागली आणि विरली. उरली फक्त ठोक्यांची टिकटिक.

त्यानंतर रेडिओ जुळवायला तासही लागला नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईने काटा मुंबईवर नेला. केंद्र जागच्या जागी!

“बघ,” ती म्हणाली, “ह्यांचा रेडिओ खोटं बोलायचाच नाही.”

मी मुकाट्याने जनरेटर उचलून माळ्यावर ठेवला.