‘कीचकवध’: अज्ञातवासातले राजकारण

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले आणि मुंबई सरकारने १९१० साली त्याच्या प्रयोगांवर बंदी घातली, तेव्हा संहितेत ना कोणा इंग्रजाचे नाव होते, ना वंगभंगाचा उल्लेख. कथा महाभारताच्या विराटपर्वातली, म्हणजे घरोघरी ठाऊक असलेली. तरीही मदांध कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे भारतभूमी, धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे सनदशीर मार्गाचे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षक मनाशी मांडत होता. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच अर्थ उलगडून दाखवला.

एका कथेच्या आडून दुसरी कथा सांगण्याच्या रीतीला रूपक म्हणतात. परंतु खाडिलकरांच्या निवडीचे मर्म एवढ्यावर संपत नाही. विराटपर्व हे मुळातच अज्ञातवासाचे, म्हणजे पांडवांनी ओळख लपवून एक वर्ष काढण्याच्या पणाचे पर्व आहे, त्यामुळे त्यातली माणसे दुहेरी बोलण्यावाचून जगूच शकत नाहीत. भर सभेत कीचक सैरंध्रीला, म्हणजे दासीच्या वेषातील द्रौपदीला, लाथ मारतो आणि बल्लव नावाने आचारी झालेला भीम संतापून जवळच्या झाडाकडे पाहू लागतो, तेव्हा कंक झालेला युधिष्ठिर त्याला एवढेच सुचवतो की सरपण हवे असेल तर ते बाहेरच्या झाडांचे आणावे. दरबाराला ते स्वयंपाक्याला सांगितलेले साधे काम वाटते, भीमाला मात्र तो थांबण्याचा हुकूम असतो. राजद्रोहाच्या कलमाखाली लेखणी धरणाऱ्या, ‘केसरी’च्या संपादकवर्गातून आलेल्या आणि टिळकांचे निकटचे सहकारी असलेल्या नाटककाराला याहून जवळचा प्रसंग पुराणात क्वचितच सापडला असता.

मूळ कथेची खरी ताकद अशी की तिच्यात युधिष्ठिर भेकड ठरत नाही. अज्ञातवास संपायला थोडेच दिवस उरलेले असतात, ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास अटळ असतो, म्हणून त्याचा हिशेब राजकारण म्हणून बिनचूक आहे. आणि नेमका तोच हिशेब द्रौपदीच्या अपमानासमोर असह्य होतो. स्वतः राजा विराटही कीचकाला शासन करू धजत नाही, कारण तो त्याचा मेहुणा आणि सेनापती आहे. ज्याच्या हाती न्याय आहे तो दुबळा आणि ज्याच्या हाती बळ आहे तो वचनाने बांधलेला, हा पेच त्या काळच्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण १९०७ च्याच डिसेंबरात काँग्रेसच्या सुरतेच्या अधिवेशनात मवाळ आणि जहाल याच प्रश्नावर फुटले.

सरकारच्या हाती १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा होता, ज्यान्वये बदनामीकारक, राजद्रोही वा अश्लील वाटणारा प्रयोग बंद पाडता येई. टिळक १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात होते आणि डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा नाट्यगृहातच, ‘शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी, वध झाला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘कीचकवधा’वर बंदी आली.

सरकारचे वाचन चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते. कर्झन १९०५ सालीच हिंदुस्थान सोडून गेला होता. नाटकाचा रोख केवळ त्याच्यावर असता तर ते तेव्हाच शिळे झाले असते. कीचकाइतकाच जाब त्यात सभेत बसून राहिलेल्यांना विचारला जातो, आणि तो विचारणारी व्यक्ती भीम नसून सैरंध्री आहे. शालेय इतिहासात हे नाटक कर्झनच्या रूपकापुरते उरले आहे, हा त्याच्यावरचा अन्यायच होय. मराठी वाचकाने विराटपर्व शेजारी ठेवून ते मुळातून वाचावे. बंदीचा आधार असलेला १८७६ चा तो केंद्रीय कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला आणि रद्द झाला तो २०१८ साली.