पायलट होण्याचा हिशेब

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. वजनकाट्यावर ट्रॅक्टरची लांब रांग लागली होती. शेजारच्या टपरीवर आमचे एक सभासद चहा घेत बसले होते. बागायत पाच एकर, एकुलती एक मुलगी, ती बारावी सायन्सला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "भाऊ, तुम्ही अंकात सगळं छापता, तर एक सांगा. लेक म्हणती, पायलट व्हायचं. दोन एकर काढून टाकावं का?"

आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही लिहिणार लागण, खोडवा आणि माती परीक्षणावर. विमानाशी आपला संबंध आवाज आला की वर मान करून बघण्यापुरता! पण प्रश्न जमिनीचा होता. शिवाय असा विचार करणारे ते एकटेच नाहीत. म्हणून माहिती गोळा केली आणि हिशेब मांडला. तो सभासदांपुढे ठेवीत आहोत.

आधी जमेची बाजू

पैसा चांगला आहे, यात शंका नाही. मोठ्या प्रवासी विमान कंपनीत नव्या सह-वैमानिकाला साधारण दीड ते तीन लाख रुपये महिना मिळतात. पुढे 1500 तासांच्या उड्डाणानंतर वरचे लायसन्स काढता येते. अनुभव वाढून कॅप्टन झाला की पगार पाच लाखांच्या पुढे जातो. पगाराचा बराचसा भाग किती तास उड्डाण केले त्यावर ठरतो. मात्र वर्षाला 1000 तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही, तसा सरकारी नियमच आहे. वयाच्या पासष्टीपर्यंत ही नोकरी करता येते.

मागणीही आहे. 2023 साली एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. ही विमाने येतील तशी चालवायला माणसे लागणारच.

मुलींनी तर या कामात नाव काढले आहे. 1985 साली इंडियन एअरलाइन्सचे सर्व महिला वैमानिकांचे विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी नेले. आज आपल्या देशातल्या वैमानिकांत सुमारे 15 टक्के महिला आहेत. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा "पोरीच्या जातीला हे झेपेल का?" असे कोणी विचारले तर हे आकडे सांगावेत.

आता नावेची बाजू

व्यावसायिक लायसन्ससाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. वय 18 पूर्ण लागते. 200 तासांचे उड्डाण करावे लागते, त्यात 100 तास विमान स्वतःच्या जबाबदारीवर. शिकवणाऱ्या संस्था आपल्या राज्यात बारामती, धुळे आणि गोंदियाजवळ बिरसी येथे आहेत. सरकारची अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे आहे.

खर्च संस्थेप्रमाणे 50 लाखांपासून कोटीपर्यंत जातो. आपण मधला 60 लाख धरू. लायसन्सनंतर ज्या जातीचे विमान चालवायचे त्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे आणखी 15 लाख धरू. एकूण झाले 75 लाख.

आता हे उसात मोजू. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 3000 रुपये हातात पडले असे धरले, तर 75 लाख म्हणजे 2500 टन ऊस. एकरी 40 टन धरले तर पाच एकरांत वर्षाला 200 टन. म्हणजे साडेबारा वर्षांचा सगळाच्या सगळा ऊस! त्यात खत, पाणी, मजुरी आणि घरखर्च धरलेलाच नाही.

कर्ज काढावे म्हटले, तर साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. इथेच शेतकऱ्याची अडचण होते. बँकांना तारण जप्त करण्याचा अधिकार देणारा 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून पुष्कळ बँका शेतजमीन तारण घ्यायला नाखूष असतात. त्यांना बिगरशेती प्लॉट, पक्के घर नाहीतर ठेव लागते. ते नसले की माणूस जमीन विकायला निघतो. आमच्या सभासदांचे तेच चालले होते.

समजा 50 लाख कर्ज मिळाले, व्याज 11 टक्के आणि मुदत दहा वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 69 हजार रुपये येतो. शिकतानाचे व्याज मुद्दलात चढले तर तो आणखी वाढतो. दोन लाख पगार असेल तर हप्ता आणि प्राप्तिकर जाऊन लाखाच्या आसपास उरतात. म्हणजे नोकरी लागली तर गणित जमते. सारे अडते ते या "लागली तर" पाशी.

नोंद झाली म्हणजे तोड आली नव्हे

सभासदांना हे समजावून सांगायला नको. उसाची नोंद झाली म्हणून तोड लगेच येते असे नाही. लायसन्सचेही तसेच आहे. लायसन्स मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. काहींना लगेच मिळते, काहींना वर्ष-दोन वर्षे थांबावे लागते. थांबलेल्या काळात उड्डाणाचा सराव आणि तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, त्यालाही पैसे पडतात. आणि 50 लाखांचे नुसते व्याज वर्षाला साडेपाच लाख, म्हणजे 183 टन ऊस, होते.

कंपन्याही कायमच्या नसतात. किंगफिशरची विमाने 2012 साली थांबली, जेट एअरवेजची 2019 साली, गो फर्स्टची 2023 साली. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे देशातली प्रवासी उड्डाणे दोन महिने बंद राहिली. त्या वेळी पगार थांबले किंवा कापले गेले, पण बँकेचे व्याज काही थांबले नाही.

आणखी एक गोष्ट तब्येतीची. वैमानिकाची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते, उतारवयात ती वरचेवर होते. तीत नापास झाला की विमान चालवता येत नाही, मग अनुभव कितीही असो. त्यासाठी लायसन्स गेल्याचा वेगळा विमा मिळतो, तो घेणे शहाणपणाचे.

मग करायचे काय?

आमचे म्हणणे एवढेच, की स्वस्त पायऱ्या आधी चढा, महागड्या नंतर.

एक, पैशाची बोली करण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची तपासणी होते. खर्च काही हजारांचा आहे. चष्मा असला म्हणून बिघडत नाही. पण रंग ओळखण्यात दोष निघाला किंवा हृदयाचा आजार निघाला, तर ते 60 लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दोन, लेखी परीक्षा आधी द्या. हवाई नियम, दिशा काढणे, हवामान आणि विमानाचे तंत्र असे विषय असतात, आणि पास व्हायला शंभरात 70 गुण लागतात. ही तयारी घरी राहूनही करता येते. मुलाची खरी ओढ किती आहे, तेही यात कळते.

तीन, पैसे भरण्यापूर्वी संस्था स्वतः जाऊन बघा. चालू स्थितीत विमाने किती, शिकवणारे किती, 200 तास पुरे व्हायला मागच्या मुलांना किती महिने लागले, हे त्या मुलांनाच विचारा. सगळी फी एकदम भरू नका. उड्डाण होईल तसे हप्त्याने भरा आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्या.

चार, नोकरी दोन वर्षे लागली नाही तरी हप्ता भरता येईल का, हे कर्ज काढण्याआधी बघा. येत नसेल तर थांबा. आधी पदवी घेऊन नोकरी करावी आणि चार पैसे जोडून मग उडायला जावे, असेही करता येते.

पाच, पोटापुरती जमीन विकू नका. विकलेली जमीन पुन्हा घेता येईलच, असे कोणी सांगू शकत नाही.

हे सगळे आम्ही त्या सभासदांना सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे तपासणी आधी, सातबारा नंतर." आमच्या एवढ्या लेखाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले!

परवा ते पुन्हा भेटले. मुलगी दोन्ही तपासण्यांत पास झाली आहे. आता ती हवामानाच्या पेपरचा अभ्यास करते आणि बापाला ढगांची नावे सांगते. दोन एकर अजून त्यांच्याच नावावर आहेत, आणि तिथे खोडवा चांगला फुटला आहे.