फ्रीझर थंडी तयार करत नाही

फ्रीझर थंडी तयार करतो, हाच मूळ गैरसमज. तो फक्त आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. नळ्यांमधला द्रव आत उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता मटारातून, मासळीतून ओढून घेतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबतो; तापलेला वायू बाहेरच्या नळ्यांतून उष्णता खोलीत सोडून पुन्हा द्रव होतो. म्हणून फ्रीजच्या बाजू कोमट लागल्या, तर तो बिघाड नव्हे. दार उघडं ठेवून खोलीही गार होत नाही. उलट तापते, कारण खाल्लेली वीजसुद्धा शेवटी उष्णताच होते.

‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे तर सर्रास ऐकवलं जातं. गॅस वापरून संपत नाही, तो सीलबंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, पैसे वाया जातील. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये ज्वलनशील आयसोब्युटेन असतो, तेव्हा काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. गळतीचं एक कारण आपल्याच हातात असतं: बर्फ खरवडणारी सुरी.

बर्फाचा जाड थर म्हणजे उत्तम थंडावा, हेही खोटं. तो बर्फ बाहेरच्या दमट हवेतून येतो, पावसाळ्यात जास्तच, आणि उष्णतेची वाट अडवतो. पाव इंच झाला की फ्रीज बंद करून वितळू द्यावा.

वीज गेली की लोक घाबरून सारखं दार उघडून बघतात. तेच टाळायला हवं. एक किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे १२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, पण शून्यावरच त्याचा बर्फ करायला आणखी ३३४. वितळताना बर्फ तेवढीच उष्णता परत शोषतो, म्हणून गोठलेलं अन्न बराच वेळ तग धरतं. दार बंद राहिलं तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. तोंडाशी थोडी जागा सोडून, कारण गोठताना पाणी फुगतं.

गोठवल्याने जंतू मरतात, हा समज सर्वांत धोकादायक. उणे १८ अंशांना त्यांची वाढ थांबते, पण बरेचसे जिवंत राहतात आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणून मटण, मासळी ओट्यावर नव्हे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवावी. वीज आल्यावर ज्यात अजून बर्फाचे कण आहेत, ते पुन्हा गोठवलं तरी चालतं. चव थोडी उतरेल, इतकंच. दोन तासांहून जास्त वेळ ४ अंशांच्या वर राहिलेलं मटण मात्र वास चांगला असला तरी टाकून द्यावं.