माझा नंबर कधी?

दिवाळीची साफसफाई म्हणजे आपल्या बायकांची वर्षातून एकदा येणारी परीक्षाच! गेल्या दिवाळीत माळा आवरायला घेतला. पितळी समई निघाली, मोडका पाट निघाला आणि त्यामागून एक चपटं खोकं निघालं. वर सुतळी, आणि सुतळीला माझ्याच हातची गाठ. उघडून बघते तर आत मुलांचा टीव्हीवरचा व्हिडिओ गेम! दोन रिमोट (त्या बटणांच्या डब्यांना आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणत), एक प्लॅस्टिकची बंदूक, तीन कॅसेट्स. आणि सगळ्यात खाली लेकीची सहावीची भूगोलाची वही.

हा गेम ह्यांनी १९९६ च्या मे महिन्यात बोनसच्या पैशातून पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला होता. त्या वेळी कराडात आमच्या आळीत असा गेम एक-दोन घरांतच होता. एका कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं. प्रत्यक्षात थोडेच वेगळे, बाकी तेच ते पुन्हा. पण मुलांना त्याचं काय! दुपारभर घरात मारिओच्या उड्यांचा आवाज. दोन वर्षांनी मुलाची दहावी आली, तशी मी एके दिवशी सगळं खोक्यात भरलं, गाठ मारली आणि माळ्यावर टाकलं. मुलगा पास झाला, पुण्याला शिकायला गेला. खोकं काही खाली आलं नाही.

सहज वहीचं शेवटचं पान उलटलं. लेकीच्या गोल गोल अक्षरात वर लिहिलं होतं, 'माझा नंबर आल्यावर.' खाली यादी. १. बदक. २. मारिओ – राजकन्येपर्यंत. ३. टँक – सगळे. ४. कॉन्ट्रा. ५. विटांचा. ६. पॅकमॅन. ७. सर्कस. एकाही नावापुढे बरोबरची खूण नव्हती.

मी तिथंच, माळ्याच्या शिडीखाली बसले. सगळं आठवलं हो! घरात नियम होता, आधी दादा अर्धा तास, मग ती. दादाचा अर्धा तास 'थांब ना, एकच लाइफ राहिलीय' म्हणत तासावर जायचा. मग तिचा नंबर आला, की नेमकी स्वयंपाकघरातून माझी हाक जायची, "अगं, जरा लसूण सोलून दे गं!" मुलाला मी अशी हाक कधी मारली नाही. मुद्दाम नाही मैत्रिणींनो, पण मारली नाही हे खरं. आणि दहावी त्याची असताना गेम तिचाही बंद झाला, हे तर मला तेव्हा सुचलंही नाही.

रात्री कोल्हापूरला लेकीला फोन केला. "वही अजून आहे?" म्हणून ती खूप हसली. मग जरा गप्प झाली आणि म्हणाली, "आई, पहिलं बदकच होतं ना?" तिला पाठ होतं! सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं उलटली, तिची मुलगी आता चौथीत आहे, आणि तिला पाठ होतं. मी म्हटलं, "भाऊबीजेला ये. यादी पुरी करू."

आता जुन्या वस्तूत जीव आणायचा म्हणजे खटपट आली. लहानपणी मुलं कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची. आमच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, "काकू, फुंकरीतल्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या उलट खराब होतात. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळं." मग कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावून पट्ट्या हलक्या हातानं पुसल्या, चांगल्या वाळू दिल्या. अॅडॅप्टरही त्याच्याकडूनच तपासून घेतला. तुमच्याही माळ्यावर असं खोकं असेल, तर इतकी वर्षं पडून राहिलेली वायर तशीच प्लगात घालू नका, बरं का!

भाऊबीजेला दोघंही आली. मुलानं पिवळी-पांढरी वायर टीव्हीला जोडली, बटण दाबलं आणि ती जुनी धून वाजली. लेकीनं आधी बंदूक उचलली. बदक उडालं, तिनं घोडा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. बदक आपलं मजेत उडून गेलं.

कारण नंतर समजलं. त्या बंदुकीतून काही सुटत नसतं. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक लहानसा भाग असतो. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या डब्बा टीव्हीत हे चित्र लागलीच उमटायचं. नव्या सपाट टीव्हीत ते किंचित उशिरा येतं, आणि बंदूक तेवढी वाट बघत नाही. आमचा डब्बा टीव्ही तर कधीच भंगारात गेलेला! लेक म्हणाली, "जाऊ दे गं." पण तिचा चेहरा मी पाहिला. काही गोष्टी उशिरा देऊन चालत नाहीत, हे त्या प्लॅस्टिकच्या बंदुकीनं मला शिकवलं.

मग 'टँक' लावला. हा १९८५ चा जपानी गेम, पस्तीस डावांचा. आपल्या रणगाड्यानं शत्रूचे रणगाडे उडवायचे आणि खाली विटांच्या आड असलेल्या आपल्या गरुडाला जपायचं. गंमत म्हणजे आपली गोळी आपल्याच गरुडाला लागली तरी खेळ खलास! लेक म्हणाली, "आई, दुसरा रिमोट तू घे." मी? आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. धरला, आणि तिसऱ्याच मिनिटाला आमचा गरुड मीच उडवला. नात तर हसून हसून लोळली.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आता मला दे की जरा." मी टीव्हीवरची नजर न हलवता म्हटलं, "अरे, जरा लसूण सोलून दे." क्षणभर घर शांत. मग तो उठला, आतून लसणाचा गड्डा आणि ताटली घेऊन आला आणि आमच्या शेजारी बसून सोलू लागला. लेक काही बोलली नाही. फक्त माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली.

लसूण सोलता सोलता मुलानं एक गुन्हाही कबूल केला. 'कॉन्ट्रा'मध्ये सुरुवातीला वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं आणि मग दोन बटणं दाबली की तीस जीव मिळतात. हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं, बहिणीला सांगितलं नव्हतं! ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी माणसानं १९८६ च्या आणखी एका गेमसाठी केली होती. तो गेम तपासताना त्याला स्वतःलाच इतका अवघड जात होता, की त्यानं आपल्या सोयीची चोरवाट ठेवली. बनवणाऱ्यालाही आधार लागतो, तर आपण तीस जीव घेतले म्हणून लाजायचं कशाला?

सगळे परत गेले, पण यादी राहिली होती. ती मी पुढं न्यायची ठरवली. दुपारी दोन ते अडीच, स्वयंपाकघरातलं टायमर लावून. सुरुवातीला बेल वाजली की चोरी पकडल्यासारखी टीव्ही बंद करायचे. साठीच्या बाईनं गेम खेळायचा म्हणजे लोक काय म्हणतील! मग वाचनात आलं, जपानच्या हामाको मोरी या आजीबाईंची २०२० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, सर्वांत वयस्कर गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. त्यानंतर बेल वाजली तरी मी नुसता आवाज कमी करते.

'विटांचा' म्हणजे टेट्रिस. मॉस्कोच्या अॅलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये तयार केला. फ्रिजमध्ये उरल्यासुरल्याचे डबे बसवणाऱ्या बाईला तो शिकवावा लागत नाही! पण तो संपतच नाही, नुसता वेग वाढत जातो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलानं त्याची जुनी आवृत्ती इतकी पुढं नेली, की शेवटी गेमच थिजला. मी माझ्यापुरती शंभर ओळींवर खूण केली. पॅकमॅनची तर गोष्टच निराळी. तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये तो आणला, तो बायकांनीही खेळावा म्हणून. तेव्हाची गेमची दुकानं म्हणजे पुरुषांचे अड्डे. मग त्यांनी मारामारीऐवजी 'खाणं' हा विषय घेतला. आपल्याला कुणी बोलावलं होतं, आपल्यापर्यंत निरोपच आला नाही!

राहता राहिला मारिओ. आठ जगं, बत्तीस टप्पे, आणि मध्येच थांबून उद्या पुढं चालू करायची सोय नाही. पूर्वी लाइट गेली की सगळं मुसळ केरात. सात किल्ले जिंकले तरी राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असते, आठव्यात भेटते. नातीनं विचारलं, "आजी, राजकन्या स्वतः का नाही खेळत?" शोधून सांगितलं. १९८८ च्या भागात तिला पहिल्यांदा खेळायला मिळालं, आणि तिच्या नावाचा वेगळा गेम यायला २००५ साल उजाडलं. म्हणजे राजकन्येचा नंबरही उशिराच लागला म्हणायचा.

मी अजून पाचव्या जगातच अडकलेय. अंगठा दुखला की थांबते. कुठं अडले ते रात्री लेकीला सांगते. पूर्वी आमचा फोन 'जेवलीस का, पोरं बरी आहेत ना' एवढ्यावर संपायचा. आता ती मला रागावते, "आई, उडी मारायच्या आधी पळत ये म्हणून किती वेळा सांगितलं!" कधी मधेच तिच्या लहानपणीचं काहीतरी निघतं, जे मला माहीतच नव्हतं. सगळंच ऐकायला गोड नसतं. मी ऐकून घेते.

यादीत आता चार खुणा झाल्यात. पहिल्या ओळीपुढची जागा तशीच आहे. दुरुस्तीवाल्याला सांगून ठेवलंय, कुणाचा चालू डब्बा टीव्ही निघाला तर भंगारात घालू नकोस, आधी मला कळव. परवा त्याचा फोन आला होता. मलकापुरात एका आजोबांकडे आहे म्हणे, चित्र जरा हिरवं दिसतं. मी म्हटलं, हिरवं तर हिरवं. उद्या आम्ही दोघं बघायला जाणार आहोत.