अण्णांचा ट्रॅक्टर आणि ओटागोची चेरी

गेल्या डिसेंबरात दादाचा फोन आला. इथे क्राइस्टचर्चला ऐन उन्हाळा, रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड. तिकडे निफाडला मात्र पारा घसरलेला आणि द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवणं सुरू.

"ट्रॅक्टर बदलायचाय. डिझेलचाच घेऊ की बॅटरीवरचा? तू इंजिनिअर ना, सांग!"

मी कम्प्युटर इंजिनिअर. ट्रॅक्टरमधलं मला काय कळणार? पण प्रश्न टाळताही येईना. आमचा छोटा ट्रॅक्टर जुना झालाय. ऑक्टोबर छाटणीनंतर एकामागून एक फवारण्या, आणि ब्लोअर जोडून ट्रॅक्टरवर बसणार अण्णाच. वय ६८. डॉक्टर म्हणतात, धुरापासून लांब राहा. अण्णा म्हणतात, मग फवारणी कोण करणार?

नाताळच्या सुटीत आम्ही सेंट्रल ओटागोत क्रॉमवेलकडे गेलो. तिथे माइक केसी यांची चेरीची बाग आहे. हा माणूस मूळचा सॉफ्टवेअरवाला. सिडनीतली आपली कंपनी विकून शेतीत आला आणि अख्खी बाग विजेवर आणली. ट्रॅक्टर बॅटरीवर, पाणी विजेवर, सोबत सोलर. वसंतात कळ्यांवर दहिवर गोठू नये म्हणून इथल्या बागांत उंच पंखे लावतात, ते वरची उबदार हवा खाली ढकलतात. एरवी हे पंखे डिझेल इंजिनवर रात्रभर घरघरतात. केसींनी तेही विजेवर घेतले. मला आमच्या शेकोट्या आठवल्या. पिकाचं भय तेच, उपाय फक्त वेगळा.

मग सगळेच शेतकरी असं का करत नाहीत? एक कारण सरळ हिशेबाचं. न्यूझीलंडमध्ये डिझेलवर पेट्रोलसारखा अबकारी कर नाही. रस्त्यावर चालणाऱ्या डिझेल गाड्या किलोमीटरप्रमाणे वेगळा कर भरतात. शेतातल्या ट्रॅक्टरला तो भरावा लागत नाही, म्हणून त्याचं डिझेल स्वस्त पडतं. बॅटरीचा ट्रॅक्टर मात्र आधीच मोठी रक्कम मागतो. ही दरी अनुदानाने भरायची असते.

पण इथलं अनुदान भरवशाचं नाही. कारखान्यांचे कोळशाचे बॉयलर बदलण्यासाठी २०२० मध्ये ६.९ कोटी डॉलरचा निधी निघाला. २०२२ मध्ये त्यात सुमारे ६५ कोटींची भर पडली, आणि २०२३ अखेर सरकार बदलताच तो बंद झाला. इलेक्ट्रिक कारवरची सवलतही त्याच डिसेंबरात संपली. २०२४ मध्ये ३ कोटी डॉलरचा नवा निधी आला, पण तो रस्त्यावरच्या जड वाहनांसाठी. शेतातल्या ट्रॅक्टरला त्यात जागा नाही.

कॅलिफोर्नियात १९९८ पासून कार्ल मोयर नावाची योजना चालू आहे. तिथे ट्रॅक्टर, बुलडोझर, पंप अशी धूर ओकणारी यंत्रं बदलायला पैसे मिळतात. अट कडक आहे. नवं घेतलं की जुनं मोडीत काढायचं. नाहीतर जुनं यंत्र दुसऱ्याच्या शेतात जाऊन तितकाच धूर सोडणार!

आपल्याकडे आता दारं उघडतायत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरही बसवलेत. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीचे फक्त १० टक्के भरावे लागतात. पण शेजाऱ्यांकडे सौर पंप आला तरी जुनं डिझेल इंजिन शेडमध्ये तसंच आहे. "असू दे, कधी लागलं तर!" आपला शेतकरी असंच म्हणणार, आणि त्याचं चुकत नाही. सरकारचं काय सांगावं, उद्या योजना असेल की नाही!

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याने एकच विचारलं, "अनुदान खात्यावर येईपर्यंत बँकेचा हप्ता कोण भरणार?"

शेतकऱ्याचा खरा प्रश्न हाच आहे. योजना जाहीर करणं सोपं, पण पैसे वेळेवर आले आणि योजना पाच-सात वर्षं टिकली, तरच माणूस जुनं सोडतो.

म्हटलं, "तोवर हप्ता मी भरतो. पण आपला जुना ट्रॅक्टर भंगारात द्यायचा."

फोनवर शांतता. मग मागून अण्णांचा आवाज आला, "त्याच ट्रॅक्टरने तुझी इंजिनिअरिंगची फी भरली, बाळा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं काय बोलले ते? बऱ्याच वेळाने म्हणालो, "म्हणूनच तर म्हणतोय, अण्णा. त्याने त्याचं काम केलं. आता त्याचा धूर तुमच्या छातीत नको."

"बघू," अण्णा म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नकार नसतो. जुलैत सुटी टाकलीय, बघू.